खांद्यांच्या मापाचा बोगदा

...तर केरूचा पाय घसरला आणि साराबाईची पेटी मोरीच्या मध्यावर चिखलात टेकली. काल इथवर आलो होतो, तेवढ्यात सून जेवायला हाक मारत आली आणि गोष्ट तशीच राहिली. पुढचं सांगतोच. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी दोन पावलं मागे जातो.

आमची वाडी जिते स्टेशनाच्या अलीकडे. पनवेल–रोहा रूळ पडले आणि मध्ये हा उंच भराव आला. घरं भरावाच्या या अंगाला, शेतं त्या अंगाला, आणि शेतांच्या कडेला यहुद्यांचं कबरस्तान. भरावाखालून पावसाचं पाणी जायला एक दगडी मोरी ठेवलेली. रुंदीला बैलगाडी जाईल एवढी, पण उंचीला साडेचार फूट. माणूस कमरेत वाकून दोन मिनिटांत पलीकडे. नाहीतर फाटकावरून अडीच कोसांचा वळसा. सगळी वाडी वाकायला शिकली.

एलियाह हा आमच्या वाडीतला शेवटचा यहुदी. त्याच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा, म्हणून आम्ही त्यांना शनवार तेली म्हणत असू. एलियाह मात्र सुतार. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांना लाकडी पाट करून द्यायचा. मी म्हणायचो, "तुझ्या देवाला मूर्ती चालत नाय, आणि तू आमच्या देवाला पाट देतोस?" तर म्हणायचा, "मी फक्त बसायला देतो रे. कोण येऊन बसतो ते मी बघत नाय." असा तो. भाऊ रूबेन, पुतणे, सगळे इस्रायलला गेले. पत्रं यायची, तू पण ये. हा उत्तर लिहायचा, सारा इथं आहे.

सारा त्याची बायको. एकोणनव्वदच्या भाद्रपदात गेली. पेणहून त्यांच्या प्रार्थनेच्या घरातून मयताची लाकडी पेटी आणली. खांदा द्यायला त्यांचं माणूस उरलेलं नव्हतं, म्हणून केरू, जनू, हैबतराव आणि मी. आमच्यात अर्ध्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली ठेवतात. एलियाह निघतानाच म्हणाला, "आमच्या घरात विसावा नाय. एकदा खांद्यावर घेतली की कबरीपाशीच खाली." आम्ही हो म्हटलं. मोरीपाशी आलो आणि लक्षात आलं की खांद्यावरची पेटी साडेचार फुटांतून कशी जाणार? हातात धरून, गुडघ्यात वाकून आत शिरलो आणि केरू घसरला.

पेटीच्या बुडाला लागलेला चिखल एलियाहने स्वतःच्या टोपीने पुसला.

पुढच्या शिमग्यानंतर एके दिवशी मोजपट्टी घेऊन तो माझ्या अंगणात आला. "दाजी, ताठ उभा राहा." मला वाटलं मस्करी. त्याने जमिनीपासून माझ्या खांद्यापर्यंत माप घेतलं. मग केरूचं, जनूचं, हैबतरावचं. "केरू उंच आहे, तो मागं राहील. जनू, तू वहाणा घालून ये त्या दिवशी."

जनू म्हणाला, "कुठल्या दिवशी?"

"माझ्या."

हैबतराव हसला. "आधी आम्ही गेलो तर?"

"मग नवीन माप घ्यावं लागेल. जाऊ नका."

खांद्याचं माप, वर पेटीचं, वर चार बोटं सूट. साडेसहा फूट हवेत, म्हणजे मोरीचा तळ दोन फूट खाली. तीन उन्हाळे हा माणूस एकटा पहार आणि घमेलं घेऊन खणत होता. दोन्ही तोंडांना उतार काढला, तळाला दगड बसवले, सुताराचा हात, एक दगड वरखाली नाही. आम्ही मदतीला गेलो की म्हणायचा, "तुमचं काम नंतर आहे."

काम झालं आणि वाडीची चैन झाली. पेंढ्याची गाडी सरळ जाऊ लागली. केरूची बायको हौसा डोक्यावरचा भारा न उतरवता आरपार गेली आणि पलीकडून ओरडली, "एलियाहभावजी, तुमच्या मरणानं आमच्या डोक्यांची सोय केली हो!" तो हसला, खरंच हसला. तेव्हापासून मोरी हे नाव गेलं. सगळे बोगदा म्हणू लागले.

चौऱ्याण्णवच्या मार्गशीर्षात कुठल्याशा कार्यालयातून एक साहेब आला. तालुक्यात रस्त्याचे बोगदे किती, त्याची यादी करत होता. बोगदा कशाला म्हणायचं त्याचा नियम त्याच्या कागदावर होता. गाडीपुरती रुंदी आणि सहा फूट उंची. यादीत आला तर वाट कायमची, पाटीसुद्धा लागणार. नाही आला तर ती पाण्याची मोरी, आणि मोरीतून माणसांनी जायचं नसतं म्हणून दोन्ही तोंडांना जाळी.

एलियाह सकाळपासून भरावापाशी उभा. धुतलेला सदरा घालून. साहेबाने फीत लावली. रुंदी बरोबर. उंची साडेसहा फूट. "छान आहे," म्हणाला, आणि कागदावर लिहिलं, रस्त्याचा बोगदा. मी डोळ्यांनी पाहिलं. एलियाहने सदऱ्याची बाही नीट केली, एवढंच.

साहेब चहाला माझ्याच ओट्यावर बसला. एलियाह खांबाला टेकून उभा. आता असा शिकलेला माणूस आपल्या ओट्यावर, आपल्या गावची वाखाणणी करतोय, तर माझी जीभ कशी थांबणार? मी म्हटलं, "साहेब, तुम्ही पाहिलात तो बोगदा सरकारने केलेला नाय. आमच्या ह्या एलियाहने केला. एकट्याने!"

साहेबाने कप खाली ठेवला. "केला म्हणजे?"

"खणला! दोन फूट! तीन उन्हाळे!" एलियाह माझ्याकडे बघत होता. मला वाटलं लाजतोय. मी साहेबाला पुन्हा मोरीत नेलं, भिंतीवरची जुन्या तळाची रेघ हाताने दाखवली. "इथवर होती माती. बघा, काय माणूस आहे!"

साहेबाने फीत त्या रेघेला लावली. साडेचार फूट. "मूळ उंची धरावी लागते," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता, त्यालाही अवघडल्यासारखं झालं. "आणि भरावाच्या पायाशी खोदकाम म्हणजे धोका. आता मला कळलंय, तर लिहावंच लागेल." आधी लिहिलेलं खोडलं आणि वर लिहिलं, मोरी.

पौषात ट्रक आले. दोन फूट खडी भरली, वर सिमेंट ओतलं, तोंडांना जाळ्या बसल्या. हौसा पुन्हा वळसा घालू लागली आणि मला बघितलं की भारा दुसऱ्या बाजूला वळवून जाऊ लागली. केरू म्हणाला, आता एलियाहला टेंपोतून न्यावं लागेल, अडीच कोस खांद्यावर कोण नेतंय आपल्या वयाला?

एलियाह तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. शेवटी मीच त्याच्या पडवीत गेलो. तो पाटाला रंधा मारत होता. मी उभाच राहिलो. म्हटलं, "एलियाह, माझं चुकलं. पण टेंपो नाय. अडीच कोस तर अडीच कोस, फाटकावरून खांद्यावर नेऊ तुला. मध्ये कुठं टेकवणार नाय. पहिला खांदा माझा. शब्द देतो."

त्याने रंधा थांबवला. पाटावर हात फिरवून कुठे काही राहिलंय का ते पाहिलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"खांदा दे, दाजी. पण त्या दिवशी तोंड घरी ठेवून ये."