देवमन वस्तादांची राहिलेली थाप

कामरगावच्या आखाड्यात एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. सराव झाला म्हणून पैलवानाने आपल्या मनाने उठायचं नाही. देवमन वस्ताद मुठीत माती घेणार, पाठीवर थाप मारणार, "बस, निघ" म्हणणार, मगच पाय मातीबाहेर पडायचा. थाप मिळेपर्यंत कुस्ती चालूच. मग घरी भाकरी वाळून कडक होवो नाहीतर आई हाका मारून दमो.

रेणू राठोड नऊ वर्षांची असताना इथे आली. बाप किशन दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचा. पोर तांड्यावर कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून त्याने तिला वस्तादांच्या बायकोच्या, सुंदरबाईच्या ओट्यावर आणून सोडलं. सुंदरबाईने तिला जेवू घातलं आणि वस्तादांनी मातीत ओढलं. गावाने नाकं मुरडली. वस्ताद म्हणाले, "मातीले काय समजते पोरगी का पोरगं? ज्याची पाठ लागली थो हारला." नाकं मुरडायचा गावाचा उत्साह तसाही चार दिवसांच्या वर कधी टिकत नाही.

वस्तादांची जागा ठरलेली, लिंबाकडचा कोपरा. तिथे दोन्ही गुडघे मातीत रोवून ते बसायचे. कोणी चुकलं की मागून येऊन मान धरायचे. त्यांचा उजवा अंगठा कोण्या जुन्या कुस्तीत मोडून वाकडाच जुळला होता. मानेला तो वाकडा अंगठा टेकला की वळून बघायची गरज पडायची नाही.

रेणू सतरा वर्षांची असतानाची गोष्ट. सकाळी सराव चालू होता. तिने समोरच्याचा पाय ओढून पट काढला आणि वस्ताद कोपऱ्यातून ओरडले, "सोडू नको! मी सांगतो तोवर सोडू नको!" तेवढं बोलून ते बसल्या जागी पुढे कलंडले. खाट आली, जीप आली, पण जीप कारंज्याच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागायच्या आत सगळं संपलं होतं. त्या गोंधळात रेणू मातीबाहेर आली. थाप न घेता आली. कोणाच्याच ते ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही.

वर्षभरात ती अकोल्याच्या एका क्रीडा वसतिगृहात गेली. तिथे माती नव्हती. निळी-पिवळी गादी, सहा मिनिटांची फ्रीस्टाइल, गुण आणि शिट्टी. पहिल्याच कुस्तीत ती हरायला आली होती. तेवढ्यात तिच्या मानेला काहीतरी टेकलं. वाकडा अंगठा! तिने वळून बघितलं नाही, हात आपोआप चालले आणि समोरची मुलगी चीत झाली.

मग ती जिंकतच गेली. जिल्हा, विभाग, राज्य. वर्तमानपत्रात फोटो आला, तांड्यावर मिरवणूक निघाली, किशन मुकादमाला सांगून दोन दिवस फडावरून घरी आला. फक्त एक गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. प्रत्येक कुस्तीनंतर आंघोळ करताना तिच्या मानेवरून तांबूस माती उतरायची. महिनोन् महिने तिने मातीत पाय ठेवलेला नसायचा, तरी मोरीत मातीचा ओघळ दिसायचा.

आणि शिट्टी वाजली तरी तिचे हात उघडेनासे झाले.

आधी एक क्षण, मग दोन, मग पंचांना ओढून काढावं लागू लागलं. राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीत शिट्टी झाली, पंच ओरडले, समोरची मुलगी ओरडली, आणि रेणूच्या हातात तिचं कोपर कट्‌कन वाजलं. रेणू तिला भेटायला गेली. प्लास्टरातला हात छातीशी धरून ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मला खरं सांग. गादीवर तुझ्यासोबत दुसरं कोण होतं?"

रेणूला उत्तर ठाऊक होतं, तेच तर वाईट होतं.

प्रशिक्षक नीता मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "नाव तुझंच पाठवते. पण राष्ट्रीयला एकदा जरी शिट्टीनंतर पकड राहिली, तर पुन्हा गादीवर उतरायचं नाही. कायमचं." स्पर्धेला आठ दिवस होते. रेणूने कामरगावची बस धरली.

आखाडा चार वर्षं बंद होता, पण माती मऊ होती. सुंदरबाई रोज संध्याकाळी ती उकरून सपाट करायची. तिने काही न विचारता रेणूला लिंबाकडच्या कोपऱ्यात नेलं. भर दुपार होती. सपाट मातीत दोन गुडघ्यांचे खड्डे उमटलेले होते.

"रोज सकाळी असतेत," सुंदरबाई म्हणाली. "मी बुजवतो, हे पुन्हा येतेत."

रेणूने मानेचं, हातांचं, कोपराचं सगळं सांगून टाकलं. "मले थाप नाई भेटली, माय. तुमी मारा."

सुंदरबाईने मूठभर माती घेऊन तिच्या पाठीवर थाप मारली. "बस, निघ." दोघी वाट बघत राहिल्या. मातीत पाय ठेवल्यापासून रेणूच्या मानेला टेकलेला तो अंगठा जागचा हलला नाही.

खड्ड्यांकडे बघत सुंदरबाई म्हणाली, "सराव तर त्यायचाबी चालूच होता ना, पोरी? त्यायले कोनं थाप मारली?"

वस्तादांना थाप आपणच मारायची, हे रेणूला कळलं आणि ती घाबरली. भुताला नव्हे, पुढे काय होईल त्याला. हा हात गेला तर उरणार काय? पदकं आपली की त्यांची, हे एकटीने गादीवर उभं राहिल्याशिवाय कळणार नव्हतं. नाही मारली थाप तर? हा मोह तिला झाला, खोटं कशाला बोला. पण कानात ते कोपर पुन्हा वाजलं.

ती गुडघ्यांवर बसली. मूठभर माती घेतली आणि त्या दोन खड्ड्यांच्या मधोमध थाप मारली. "बस, वस्ताद," ती म्हणाली, "निघा."

तळव्याखालची माती माणसाच्या पाठीसारखी ऊन होती. ती हळूहळू गार होत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणू उठली तेव्हा सुंदरबाई कोपऱ्यात बसलेली होती. माती काल संध्याकाळी केली तशी सपाट होती. त्या मातीवरून हात फिरवत सुंदरबाई म्हणाली, "चार वर्षं मी म्हनत होती, मी रांडमुंड झाली. झाली तर आज." मग ती मोठ्याने रडली.

राष्ट्रीय स्पर्धेत रेणू अंतिम फेरीपर्यंत गेली आणि एका गुणाने हरली. शिट्टी वाजली तेव्हा समोरचीचा पाय तिच्या हातात होता. बोटं उघडली. मान इतकी हलकी होती की तिला पोरकं वाटलं. रौप्यपदक घेऊन ती थेट कामरगावला आली आणि आखाड्याच्या मातीत उतरली.

सुंदरबाईने पदकाकडे पाहिलंही नाही. "शिट्टी वाजल्यावर सोडलं?"

"सोडलं, माय."

सुंदरबाईने वाकून माती उचलली आणि तिच्या पाठीवर थाप मारली. हात लहान होता, अंगठा सरळ होता. "बस," ती म्हणाली, "निघ."

रेणू मातीबाहेर आली.