आधी निरोप म्हणून दाखवायचा

आप्पा गेल्याचा फोन माझ्या मुलीने केला. दोन वर्षांत तिचा पहिलाच. "आप्पा गेले," एवढंच म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत ठेवूनही दिला... त्याला आता सव्वा महिना झाला. अंत्यविधीला मी मागे उभा राहिलो आणि तसाच परतलो.

आप्पा माझे थोरले भाऊ, दौंडला रेल्वेत केबिनमन. शेजारच्या स्टेशनचा निरोप फोनवर आला, की आधी तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा, तिकडून होकार आला की मगच सिग्नलला हात लावायचा, अशी त्यांच्या कामाची रीत. निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. भांडणातसुद्धा म्हणायचे, "म्हंजी तुझं म्हणणं असं... बरोबर? आजून काय?" मी शिरूरला मास्तर, ऐकून घ्यायची सवय नाही. मला या प्रकाराचा भारी राग यायचा.

मुलीने राहू गावचा मुलगा पसंत केला. तो आपल्यातला नाही म्हणून आप्पा माझ्याहून जास्त भडकले आणि त्याला दम द्यायला राहूला गेले. पण जुनी खोड आडवी आली. त्याचं म्हणणं म्हणून दाखवता दाखवता दुपार झाली, तिथंच जेवले आणि तडक माझ्याकडे शिरूरला आले.

"माझं चुकलं हुतं," ओट्यावर बसत म्हणाले. "पोरगा सरळ हाय. तू एकदा ऐकून तर घे."

"तुम्ही फिरलात, आप्पा."

"व्हय, फिरलो. मग?"

मी उठून आत गेलो. ते चहा न घेताच गेले. लग्नात मुलीच्या बाजूने एकटे तेच उभे राहिले. मी गेलो नाही, त्यांच्याशीही बोलणं टाकलं. वाटायचं, थोरले आहेत, पुन्हा येतील. आले नाहीत, आणि मीही गेलो नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

परवा दौंडला गेलो. वहिनींजवळ मुलगी बसली होती. आप्पांची वेताची खुर्ची भिंतीशी, खुर्चीच्या हातावर त्यांचा टॉवेल तसाच.

"लग्नात मी दाराकडंच बघत होते, बाबा," ती म्हणाली. "आप्पा रोज म्हणायचे, येईल तो. आन् तुम्ही आलात कवा, तर ते न्हाईत तवा."

उत्तर तोंडाशी आलं होतं... गिळलं.

"म्हणजे तुझं म्हणणं असं, की आप्पा होते तेव्हाच मी यायला हवं होतं. बरोबर?"

"व्हय," ती म्हणाली.

मी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "अजून काय?"

तिनेही खुर्चीकडे पाहिलं. मग बोलू लागली.