गप्प बसलेली मेथीवाली

रविवारी सकाळी मी चार वर्षांच्या मुलीला गणवेश चढवला आणि शाळेच्या रिक्षाची वाट बघत कॉलनीच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. आमच्या कारखान्याला शनिवारी सुट्टी, त्यामुळे सुट्टीनंतरचा दिवस म्हणून माझ्या डोक्यात तो सोमवार होता. खोकल्यापायी तीन रात्री मुलगी झोपली नव्हती, म्हणजे आम्हीही नाही. बायकोचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून तिला उठवलं नाही. उभ्या उभ्या मुलगी माझ्या खांद्यावर गाढ झोपली.

कोपऱ्यावर मखमलाबादहून एक मेथीवाली येते. नाव माहीत नाही, पण तिची आरोळी आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येते. त्या दिवशी मात्र ती गप्प होती. गिऱ्हाइकांना बोटांनीच भाव दाखवत होती, कुणी घासाघीस केली की ओठांवर बोट ठेवत होती.

अर्ध्या तासाने मी विचारलं, "मावशी, रिक्षा गेली का?"

"आज आइतवार हाय," ती पुटपुटली.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" मी ओरडलो.

मुलगी दचकून उठली आणि खोकायला लागली.

मावशीने कपाळाला हात लावला. "पोरगी निजली म्हनून मी धंदा सोडून गप बसले, अन् तुम्ही बाप असून एका दमात उठवली!"