माशांच्या खाऊला एरंडेल

एरंडेलाचा वास मला अजूनही माहेरच्या अंगणात नेतो: उन्हात तापलेली तूरडाळ, परातीत फिरणारे आईचे तेलकट हात आणि दाण्यादाण्यावर चढणारी ती जडशी झिलई. अशा सात्त्विक द्रव्याने मी एका माशाचा जीव घेतला.

सासूबाई गेल्यावर आप्पा, म्हणजे माझे सासरे, धुळ्याहून आमच्याकडे सिल्वासाला आले आणि बोलायचेच थांबले. ‘चहा देऊ?’ असं विचारलं की नुसती मान हलायची. माझा नवरा जवळच्या गलोंडा गावातल्या कारखान्यात इंजिनिअर; बंद पडलेल्या यंत्रासाठी सुटा भाग आणावा तशी त्याने माशांची काचपेटी आणली. आणि यंत्र चालू झालं! पेटीतल्या केशरी माशाचं नाव आप्पांनी शेवंती ठेवलं.

“काय वं शेवंते, रुसनी का? ये, खाई ले.”

स्वयंपाकघरात पोळी लाटताना मी ते ऐकत राही. घराला पुन्हा आवाज फुटला होता आणि तो टिकवणं मी माझं कर्तव्य मानलं. (मी कर्तव्य मानलं की हमखास काहीतरी सांडतं.)

माशांचा खाऊ संपला, तेव्हा मीच दुकानात गेले. दुकानदाराने गोठवलेल्या लाल अळ्यांच्या वड्या पुढे केल्या. “बेन, आ सर्वात सारु. फक्त फ्रीजरमध्ये ठेवायचा.”

“मटारांशेजारी?”

“मटारने शुं वांधो?”

वांधा मटारांना नव्हता, मला होता. मी वाळवलेल्या बारीक कोळंबीचा डबा निवडला.

“भेज लागू नका देऊ, बेन. कीड पडेल.”

कीड म्हटलं की माझ्या अंगात आई येते. त्यात सिल्वासाचा पावसाळा. इथे मीठसुद्धा डोळ्यांदेखत पाझरतं. घरी येताच मी कोळंबी परातीत ओतली, तळहातांवर एरंडेल घेतलं आणि एकेक कोळंबी चमकेपर्यंत हलक्या हाताने चोळली. वर कडुनिंबाचा पाला. झाकण लावताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

संध्याकाळी आप्पांनी माशांना चिमटी चिमटी खाऊ घातला. लाडक्या शेवंतीसमोर जरा मोठी चिमटी. थोड्याच वेळात पाण्यावर जांभळा, हिरवा, सोनेरी तवंग उमलला. कवितेत मुरलेली माझी नजर तिथेच खिळली.

“आप्पा, रंग बघा किती सुंदर.”

आप्पा रंग बघत नव्हते. मासे तोंडं वर काढून धापा टाकत होते.

नवरा धावत आला. “खाऊत काय घातलंस?”

“काही नाही. थोडं एरंडेल.”

“अगं, मासे आहेत की तूरडाळ?”

“वर्षभर टिकावं म्हणून…”

“खाऊ टिकेल गं. मासे?”

आम्ही वर्तमानपत्राची पानं पाण्यावर अंथरून तेल टिपलं, बादल्यांनी पाणी बदललं. बाकीचे मासे तगले. मोठ्या चिमटीची मानकरी शेवंती तेवढी आडवी झाली. आप्पांनी तिला गच्चीतल्या जास्वंदीच्या कुंडीत पुरलं आणि हात धुऊन आपल्या खोलीत गेले.

घर पुन्हा मुकं झालं. पेटीतल्या पंपाची बुडबुड तेवढी ऐकू येई, आणि तीही मला उद्देशून असल्यासारखी.

“आप्पा, रागवा ना माझ्यावर,” मी एकदा म्हटलं. त्यांनी मान हलवली. हो की नाही, तेही कळलं नाही. इतक्या निगुतीने मी आजवर दुसरं काही साठवलं नव्हतं, आणि दुसरं काही इतकं नासलंही नव्हतं.

शेवटी नवऱ्याने गोठवलेल्या अळ्या आणल्या. त्या मटारांना खेटून बसल्या. मी ब्र काढला नाही. आप्पांनी एक वडी वाटीत विरघळू दिली, चिमटी पाण्यावर धरली आणि वाट पाहू लागले. तळाशी दडलेला एक छोटा मासा हळूच वर आला. आप्पांचे ओठ हलले.

मला राहवेना. पदर खोचून मी पुढे धावले. “आप्पा, मी काय करू? वाटी धरू? जाळी देऊ? कुठे उभी राहू?”

शेवंती गेल्यापासून प्रथमच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. आता बोलणार, या आशेने मी आणखी एक पाऊल पुढे सरकले. आणि ते खरोखरच बोलले:

“लांब.”