पहिली लाल मिरची

बुढीनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोवऱ्या उतरवणं. माघाचं ऊन होतं. घरामागच्या सांदवाडीत भिंतीवर गोवऱ्या वाळून खडखडीत झाल्या होत्या. मी काढून द्यायचो, ती मागच्या सपरीत, छपराखाली, कोपऱ्यात रचायची. या गोवऱ्या चुलीच्या नव्हत्या. त्यांच्या पोटात मिरचीचं बी होतं. पिकलेली लाल मिरची मधोमध फाडायची, बियांसकट शेणात दाबायची आणि भिंतीवर थापायची. मृग लागला की गोवरी फोडून वाफ्यात कुसकरायची. शेणातल्या बियाणाला कीड लागत नाही, उंदीरही तोंड लावत नाही. तिच्या मायनं असंच केलं, तिनंही असंच केलं.

कोणत्या गोवरीत कोणती मिरची, हे कळायला ओल्या शेणावर खूण करून ठेवायची. एक बोट, दोन बोटं, करंगळी, चिंचोका, कोंबडीचं पीस. एका गोवरीवर बांगडी दाबलेली होती.

"हे कोनती?" मी विचारलं.

"मायची. यंदा तेवढी एकच हाय. नीट दे, पाडशीन."

मी नीट दिली. तिनं ती सगळ्यांच्या वर ठेवली आणि चहा मांडला. दुसऱ्या दिवशी न्हाणीजवळच्या झाडांना पाणी घालता घालता ती खाली बसली ती उठलीच नाही. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याचं सांगण्यासारखं काही नाही. मिरच्यांचं सांगतो.

गावात तिला मिरचीबाई म्हणत. मी, तिचा नवरा, बुढी म्हणायचो, तरुण होती तेव्हापासून. तिच्या मिरच्या किती जातींच्या होत्या, मी कधी मोजल्या नाहीत. फुटक्या मडक्यात, तेलाच्या डब्यात, न्हाणीच्या पाण्यावर, काट्याच्या कुपाटीच्या कडेनं, जिथं मूठभर माती दिसली तिथं तिनं मिरची लावली. मी तलावावर मासे धरणारा माणूस. माझं जाळं जरा फाटलं की ती शिवू द्यायची नाही. ते झाडांभोवती बांधायची, कोंबड्या येऊ नयेत म्हणून. मी म्हणायचो, "बुढे, माझ्या जाळ्यात मासे येत नाईत अन् तुझ्या जाळ्यात कोंबड्या येत नाईत. दोघाचंही जाळं वायाच." ती म्हणायची, "तुमचं वाया हाय. माझं कामाले लागलं." मासे धुतलेलं पाणी ती सांडू द्यायची नाही. ते मिरचीला घालायची. त्यामुळे आमच्या सांदवाडीत मांजरं फार आणि मिरच्याही फार.

कोणतीही मिरची ती आधी कच्ची चावून पाहायची. एक घास टोकाचा, एक मधला, एक देठाजवळचा. चावताना तोंडावर काही दिसायचं नाही. डोळ्याला पाणी नाही, सू-सू नाही. दुसऱ्याच्या डोळ्याला पाणी आलं की म्हणायची, "मिरचीनं काय रडाचं? रडाले दुसरं काई भेटलं नाई काय?" मग निकाल द्यायची. "टोकाले भोळी हाय, देठाजवळ लबाड हाय." तिच्या मायच्या मिरचीचा निकाल तिनं लग्नानंतर मला सांगितला होता, तो पाठ आहे. "आंधी गोड लागते. मंग थांबते. मंग कानाच्या मांगून येते." मी तिखट खाणारा माणूस नाही. मला सगळ्या मिरच्या सारख्याच लागायच्या. पण ही कानामागून यायची, हे खरं होतं. झिंग्याच्या भाजीत तिनं ही मिरची टाकली की मला न सांगता कळायचं.

धान कापून झालं की आमच्याकडची अर्धी गावं मिरची तोडायला तेलंगणात जातात. आम्हीही जायचो. मजुरीत मिरचीच मिळायची, पोत्यानं. परतताना गाडीत पोत्यांवर बसून सगळे खोकत यायचे, नाकाला दुपट्टे बांधून. बुढी त्याच पोत्यांवर घोरत यायची. बाकीच्या बाया पोतं घेऊन उतरायच्या. बुढी पोतंही घ्यायची आणि पदराच्या गाठीत दोनचार वेगळ्याच मिरच्याही. कोणाच्या आंगणातली, कोणाच्या बांधावरची. तिला तेलुगू येत नव्हतं. मिरचीकडे बोट दाखवायची, मग स्वतःच्या तोंडाकडे, आणि हसायची. लोक देऊन टाकायचे. मोहर्लीकडे तिची बहीण दिली होती. तिथून तिनं बोटाच्या पेराएवढी, आभाळाकडे तोंड करणारी मिरची आणली. तिथली एक गोंड बाई देऊन म्हणाली होती, ही आम्ही लावत नाही, पाखरं लावतात. बुढीनं ती लावली आणि पाखरांवर खेकसायला लागली.

नावं ती माणसांची ठेवायची. एक बारकी, कडक, लवकर न पिकणारी मिरची म्हणजे सासू. एक फुगीर, आतून पोकळ, ती पाटील. एक लालभडक, चकचकीत, चवीला पाणी, ती जावई. आमचा जावई वडश्याचा, धानाच्या धंद्यातला, साधा माणूस. दिवाळीनंतर गावच्या मंडईला, जत्रेला, आला तेव्हा जेवताना त्यानं ताटातली मिरची उचलली.

"आई, हे कोनती मिरची होय?"

"जावई."

"मी नाई, मिरची इचारून राह्यलो."

"मिरचीच सांगून राह्यली मी. दिसाले लाल हाय. खाऊन पाहा."

त्यानं खाल्ली, काहीच लागली नाही, तो खूश झाला. आमची पोरगी शकुन पदर तोंडाला लावून आत पळाली. जावयाला पुढं कळलं तेव्हा तोही हसला. म्हणाला, तिखट नाई म्हनूनच तर पोरगी देली मले.

मागेल त्याला बुढी रोप द्यायची. पण अट होती. झाडाला पहिली जी मिरची लाल होईल ती खायची नाही, विकायची नाही, तिला आणून द्यायची. पहिल्या लाल मिरचीचंच बी धरायचं, हा तिचा कायदा. आणि तिच्या सांदवाडीत रोग आला तर दुसऱ्याच्या आंगणात ती जात जिवंत राहावी, हाही. "देली नाई मी," ती म्हणायची, "ठेवाले देली हाय." लोक विसरायचे. मग ती स्वतः टोपली घेऊन दारोदार फिरायची आणि दारात उभी राहून एकच विचारायची, "लाल झाली काय?" बाया लांबूनच ओरडायच्या, "आली वो आली, मिरचीबाई आली, लपवा मिरच्या!"

ताराबाई आमच्या बाजूची, कुपाटीला कुपाटी लागून. तिनं मायचीचं रोप नेलं आणि पहिली लाल मिरची वांग्याच्या भाजीत टाकली. बुढी टोपली घेऊन गेली तर ताराबाई म्हणाली, "खाल्ली वो बाई, पोट भरलं. एका मिरचीनं तुझं काय बुडलं?" बुढी तशीच परत आली. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. एकाच विहिरीवर पाणी भरायच्या, एकमेकींच्या घागरींकडे पाहायच्या, पण शब्द नाही. मी एकदा म्हटलं, जाऊ दे ना बुढे, मिरचीच तर होती. ती म्हणाली, "मिरची नोहे ते, माय होय माझी." मग मी त्यात पडलो नाही.

यंदा मायचीला कोकडा आला. पानं आकसून गोळा झाली, झाडं बसून गेली. एकाच झाडाला मूठभर मिरच्या धरल्या, त्या तिनं लाल होऊ दिल्या, बांगडीच्या गोवरीत दाबल्या आणि झाड उपटून जाळलं, रोग पसरू नये म्हणून. म्हणजे आमच्या घरात मायची होती ती तेवढ्या एका गोवरीत.

आमच्याकडे माणूस गेलं की घराघरातून गोवऱ्या गोळा करतात. ज्याच्या घरी गेलं त्याच्या घरच्या तर आधी. मी आंगणात बसलो होतो. माणसं मागं गेली, टोपल्या भरभरून सपरीतून गोवऱ्या आणल्या, गाडीत टाकल्या. कोणी मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी न्या म्हटलं असतं. मला गोवऱ्या दिसत नव्हत्या.

तलावाच्या पाळीच्या बांधाखाली चिता रचली. मी अग्नी दिला. थोड्या वेळानं धूर फिरला आणि पहिल्यांदा जावयाला ठसका लागला. मग त्याच्या मागच्याला. मग सगळेच खोकायला लागले, दुपट्टे नाकाला, डोळे गच्च मिटून लोक मागं सरकले. सुकरू माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर मासे धरणारा. तो खोकत खोकत म्हणाला, "काय होय बे हे? मिरची कोनं टाकली?" कोणीतरी बोललं, "मिरचीबाई होय ते. जाताजाता बी सोडत नाई." लोक खोकता खोकता हसले. ते वाईट नव्हतं. तीही हसली असती. मी हसलो नाही. मला तेव्हा कळलं की बांगडीची गोवरी जळून राहिली आहे.

घरी आलो, अंघोळ केली. शकुन सपरीच्या रिकाम्या कोपऱ्यात उभी होती.

"बाबा, आईच्या बियानाच्या गोवऱ्या कुठी हायेत? मायची मले न्याची होती. आईनं फोनवर सांगतलं होतं, या सालची तुले देतो म्हनून."

"गेल्या."

"कुठी गेल्या?"

"तिच्याच संगं."

ती खाली बसली. दिवसभरात रडली नव्हती एवढी तेव्हा रडली. बाकीच्या मिरच्या सांदवाडीत उभ्या होत्या. सासू होती, पाटील होता, जावईही होता. मायची नव्हती. शकुन डोळे पुसून म्हणाली, "ताराकाकूच्या न्हानीजवळ एक झाड दिसून राह्यलं मले. जुनं हाय." मी म्हटलं, "दिसू दे. तुझी माय त्या दारात गेली नाई." ती म्हणाली, "आई नाई जात. तुमी जा." मी कधी कोणाच्या दारात काही मागायला गेलो नव्हतो. ते बुढीचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. बुढीची टोपली खुंटीला होती, ती घेतली. सुतकात दुसऱ्याच्या आंगणात पाय ठेवायचा नाही, म्हणून ताराबाईच्या कुपाटीबाहेर उभा राहिलो. झाड दिसत होतं. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं, बुंधा काठीसारखा झालेला.

"ताराबाई."

ती बाहेर आली. हाताला राख होती, भांडी घासत असावी. माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे पाहिलं.

"लाल झाली काय?" मी विचारलं.

तिनं वळून झाडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "भाऊ, माघ सरून राह्यला. पहिली आता कुठची? शेवटच्या दोन हायेत. चालन काय?"

"आन."

तिनं हात धुतले, दोन तोडल्या आणि कुपाटीवरून टोपलीत सोडल्या. मी एक उचलली. टोक चावलं, मधलं चावलं, देठाजवळचं चावलं. आधी गोड लागली. मग थांबली. मी तसाच उभा राहिलो. मग कानामागून आली.

"पानी देऊ काय, भाऊ?"

"नको. हेच होय."

"दरसाली वाटे, पहिली लाल नेऊन द्याव तिले," ताराबाई म्हणाली. "मंग म्हनलं, येईन तेच भांडाले. आलीच नाई वो बाई."

मी घरी आलो. गोठ्यातून शेण आणलं, कालवलं. शकुन म्हणाली, "बाबा, सुतकात शेनात हात घालता काय?" मी म्हटलं, "शेन होय ते, देव नोहे." दुसरी मिरची मधोमध फाडली, बियांसकट दाबली, भिंतीवर थापली. खूण पाहिजे होती. बांगड्या तिच्या हातात गेल्या होत्या. मी अंगठा दाबला.