डाव्या पायाची चप्पल

मावशी माणसाच्या तोंडाकडे एकदम बघायच्याच नाहीत. समोर कोणीही येऊन उभं राहिलं, गोंदियाचा राइस मिलवाला असो की तालुक्याचा साहेब, मावशींची नजर आधी खाली जायची. पायांवर ती घटकाभर थांबायची, आणि मग सावकाश वर यायची. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर गेले तेव्हा नवी कोल्हापुरी घालून गेले होते. त्यांनी ती बघितली आणि म्हणाल्या, "चावून राहिली ना? टाचेले तेल लाव." खरोखर चावत होती. मी कोणाची कोण, किती शिकले, हे सगळं त्यांनी मला आठ दिवसांनी विचारलं.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. नवेगाव बांधच्या तळ्यावर तेव्हा एका शेठने दुमजली मोटारबोट आणली होती. गावात तिला सगळे जहाजच म्हणत. हिवाळ्यात, दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्ट्यांत, गोंदिया-भंडाऱ्याहून कुटुंबंच्या कुटुंबं यायची. सकाळी जहाज सुटायचं, तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठाला लागायचं. तिथे झाडांखाली जेवण, दीड-दोन तास मोकळीक, आणि दिवस मावळायच्या आत परत. आईबाप वरच्या मजल्यावर खुर्च्या टाकून भजी खात, पत्ते खेळत. मुलं मात्र खाली, जाळी लावलेल्या मागच्या भागात, मावशींच्या ताब्यात. शेठने कुठल्याशा समुद्रातल्या मोठ्या जहाजाचं चित्र बघितलं होतं. त्यात मुलांसाठी वेगळी खोली आणि वेगळी माणसं होती म्हणे. आमच्या तळ्यावर ती वेगळी माणसं म्हणजे मावशी. आणि मी डी.एड. होऊन घरी बसले होते, म्हणून दुसऱ्या वर्षापासून 'इंग्लिश गाणी शिकवणारी मॅडम' म्हणून मी.

मावशींची एक रीत होती. जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक मुलाची डाव्या पायाची चप्पल त्या चढायच्या फळीपाशीच काढून घ्यायच्या आणि एका मोठ्या बांबूच्या टोपलीत टाकायच्या. एका पायात चप्पल असलेलं मूल फार पळत नाही, कठड्यावर चढत नाही, हा एक फायदा. दुसरा मोठा. पलीकडच्या काठाला उतरताना ज्याची त्याला परत, आणि चढताना पुन्हा टोपलीत. सकाळच्या सगळ्या चपला दुपारी टोपलीत आल्याशिवाय त्या बोटवाल्याला दोर सोडू द्यायच्या नाहीत. आकडे मोजण्याची त्यांना गरज नव्हती. निळी, फुलाची, तुटक्या बंदाची, आवाज करणारी, अशी एकेक त्यांना पाठ असायची. टोपलीत वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "चाल बापा आता." गोंदियाच्या बायका आपल्या मुलांना सांगायच्या, "बेटा, आंटी को चप्पल दे दो." मुलांना त्यात भारी मजा वाटायची.

चपलेवरून त्यांना सगळं घर कळायचं. एकदा एक गप्प गप्प मुलगा आला. त्याची चप्पल हातात धरून मावशी मला म्हणाल्या, "दोन नंबर मोठी हाये. भावाची घालून आला. याले भावापाशी बसव, नाई तर रडन." भाऊ शोधून शेजारी बसवला, तर पोरगा लगेच बोलू लागला. दुसरी एक मुलगी, तिच्या सॅंडलची टाच आतल्या बाजूने झिजलेली होती. मावशींनी तिला दिवसभर खेळात पळवलं नाही, बसून चिंचोक्यांचा डाव मांडून दिला. संध्याकाळी आईने हळूच सांगितलं की तिचा पाय लहानपणापासून जरा अधू आहे. मावशींनी "असं का" म्हटलं आणि विषय वाढवला नाही.

रडणाऱ्या मुलाला त्या कधी गप्प कर म्हणायच्या नाहीत. त्याला टोपलीजवळ बसवायच्या आणि राखणीला लावायच्या. "बस इथं. कोनी आपली चप्पल चोरून नेन तर मले सांग." रडणारं मूल पाच मिनिटांत कोतवाल होऊन बसायचं. माझी इंग्लिश गाणी तोवर दोन ओळींतच संपलेली असायची. पळसाच्या पानांच्या होड्या, माशांची नावं ओळखणं, तळ्यावरच्या पाखरांच्या नकला, हे सगळं मावशींचं. एकदा एका आईने खाली येऊन बघितलं आणि म्हणाली, तीन वर्षांत आज पहिल्यांदा गरम भजं खाल्लं. मावशी म्हणाल्या, "अजून दोन खा, जा. पोट्टं हरवत नाई, मोठ्याइचं ध्यान हरवते. माहं ध्यान हाये."

मला मात्र ती टोपली खुपायची. मावशी आमच्याच समाजातल्या, माझ्या आईच्या लांबच्या नात्यातल्या. आमच्या आजोबांनी धम्म घेतला, मुलांना शाळा शिकवली, कशाकशातून आम्हाला वर काढलं, आणि ही बाई आजही शेठलोकांच्या पोरांच्या चपला उचलते, याची मला चक्क लाज वाटायची. नवं नवं शिक्षण अंगात होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशातली गत. एकदा मी बोलूनच दाखवलं. "मावशी, आपण पन्नास वर्षांपूर्वी हे सगळं सोडून आलो. तुम्ही अजून लोकांच्या चपला कायले उचलता?"

त्या हसल्या. "पोट्ट्याच्या चपलेले कायची लाज वो? बोटाएवढा चिखल असते तिच्यात." आणि पुढे म्हणाल्या, "तुले लाज वाटून राहिली तर तू नको उचलू. मले त्या उचलल्याशिवाय पोट्टे दिसत नाईत."

हे मला कळलं नाही. मी शेठकडे गेले. आपण मुलांच्या मनगटाला रंगीत फिती बांधू, एक वही ठेवू, चढताना-उतरताना हजेरी घेऊ, असं सुचवलं. चपला गोळा करणं मोठ्या घरच्या लोकांसमोर बरं दिसत नाही, हेही वर जोडलं. शेठला वही आवडली. मावशींना मी सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या भांडतील. त्या म्हणाल्या, "तू शिकलेली हायेस. कर." टोपली स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली आणि तिच्यात कांदे आले.

पंधरा दिवस वही छान चालली. मग नाताळच्या सुट्टीत गोंदियाचं एक मोठं कुटुंब आलं. तीन भाऊ, त्यांच्या बायका, आत्या, मामा आणि मुलंच मुलं. पलीकडच्या काठाला जेवणं झाली. वारा सुटला होता, बोटवाला घाई करत होता. मी फळीपाशी उभी राहून शाळेतल्यासारखी नावं घेतली. प्रत्येक नावाला "हजर मॅडम" असा आवाज आला. मी वहीत टिक करत गेले आणि दोर सोडायला सांगितलं. मी शिक्षिका व्हायला निघाले होते, पण वर्गात दोस्ताची हजेरी दोस्तच लावतो हे मला त्या क्षणी आठवलं नाही. चुलतभावाच्या नावाला आठ वर्षांच्या एका पोराने गमतीत "हजर" म्हटलं होतं. तो चुलतभाऊ पाच वर्षांचा.

जहाज तळ्यात बरंच आत आलं होतं. मावशी मुलांना मुरमुरे वाटत होत्या. ओळीत बसलेल्या पायांवरून त्यांची नजर फिरत गेली आणि शेवटाला जाऊन थांबली. पुन्हा पहिल्यापासून फिरली. त्यांनी मुरमुऱ्यांचं ताट खाली ठेवलं.

"मॅडम, ते हिरव्या बंदाचं पोट्टं कुठी हाये?"

"आहे की. हे बघा, टिक केलंय."

"वहीत हाये. जहाजात कुठी हाये?"

मी सगळीकडे बघितलं. वरती धावत गेले, आईपाशी नाही, काकांपाशी नाही. आईला वाटत होतं तो खाली आहे. तिला कळल्यावर ती कठड्याला धरून खाली बसली. ते मला अजून दिसतं. मावशींनी तोवर बोटवाल्याला जहाज फिरवायला लावलं होतं. परत जायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. त्या वेळात मी त्या पाण्याकडे बघू शकत नव्हते. मावशी पुढे उभ्या राहून काठाकडे बघत होत्या, डोळ्यांवर हात धरून.

पोरगा सापडला. काठावर मासे धरणारा एक ढिवर आपल्या डोंग्यापाशी, लहानशा होडीपाशी, बसला होता आणि पोरगा त्याच्या शेजारी बसून उकडलेले शिंगाडे खात होता. त्याची चड्डी आणि छातीपर्यंत सदरा ओला होता. ढिवर म्हणाला, "जहाजाच्या मांगं पान्यात चालून राहिला होता जी. छातीवर पानी आलं होतं. म्या जारं टाकून देल्लं अन् धावलो." पोराच्या पायात दोन्ही हिरव्या बंदांच्या चपला होत्या, चिखलाने भरलेल्या. मावशींनी त्याला उचललं आणि आईच्या मांडीत नेऊन ठेवलं.

धक्क्यावर शेठ उभा होता. पोराच्या बापाने त्याची कॉलर धरायचीच बाकी ठेवली होती. "किसकी गलती है? नाम बताओ. थाने में लिखवाऊंगा." वही माझ्या छातीशी होती. त्याच महिन्यात माझं नाव एका आश्रमशाळेच्या निवड यादीत लागलं होतं आणि पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा होता. माझ्या डोक्यात त्या घडीला पोरगा नव्हता, त्याची आई नव्हती, फक्त तो दाखला होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

मावशी पुढे आल्या. "माही चूक हाये, साहेब. पोट्टे पाहाचं काम माहं."

बापाने त्यांच्याकडे बघितलं. पांढरे केस, ओलं झालेलं लुगडं. बाईमाणसाला बोलू नये ते बोलला, बरंच बोलला. मावशी मान खाली घालून ऐकत राहिल्या. मध्ये एकदा त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पायांकडे नाही, सरळ तोंडाकडे. मी वहीचा कोपरा चाचपत उभी होते. शेवटी पोराच्या आईनेच नवऱ्याला थांबवलं, मूल मिळालं ना, चला. तक्रार झाली नाही. शेठ मावशींना म्हणाला, "उद्यापासून येऊ नका." त्या "बरं" म्हणाल्या आणि घराकडे निघाल्या.

माझा दाखला आला. चिचगडजवळच्या आश्रमशाळेत मी रुजू झाले. जहाज आणखी दोन हिवाळे चाललं आणि मग बंद पडलं. मावशी धानाच्या रोवणीला, कापणीला जात, तेंदूच्या दिवसांत पानं तोडायला जात, असं आईकडून कळायचं. लहान मुलं सांभाळायचं काम त्यांना पुन्हा कोणी दिलं नाही. पलीकडच्या काठावर पोरगं सोडून आलेली बाई, असंच गावात नाव झालं होतं. मी मनाची समजूत घातली होती. मावशींनी माझ्यासाठी केलं, आपल्या माणसांतली एक पोरगी नोकरीला लागावी म्हणून स्वतःहून केलं. ही समजूत मला फार सोयीची होती. दर अशोक विजयादशमीला मी त्यांना लुगडं पाठवायचे. त्या परत निरोप पाठवायच्या, मिळालं म्हणून.

आठ वर्षांनी मी त्यांच्याकडे गेले. तोवर मीही दोन मुलांची आई झाले होते. मावशी अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मी जवळ बसले आणि घरून पाठ करून आणलेलं बोलले. तुमचे उपकार फार मोठे, माझ्यासाठी तुम्ही सगळं अंगावर घेतलंत, मी विसरणार नाही, वगैरे.

त्या ऐकत होत्या. हात फुलांवरून फिरत होता. मग म्हणाल्या, "तुह्यासाठी? नाई वो. तो मानूस आंगावर येऊन राहिला होता, म्हून म्हनून टाकलं." फुलांतली एक काडी वेचून बाजूला टाकली. "मले वाटलं, तू मधात बोलशीन."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्या उठल्या, चहा ठेवला, माझ्या मुलांना काय आवडतं ते विचारलं. जाताना वाळवलेले शिंगाडे बांधून दिले. मी रस्त्यावर येऊन एका पुलाच्या कठड्यावर बसले आणि रडले.

मावशी जाऊन आता काही वर्षं झाली. मयताला मी गेले होते. आलेल्या बायकांत कोणीतरी कोणाला सांगत होतं, चांगली होती हो, पण त्या एका वेळी पोरगं सोडून आली होती. मी तिथेही उभी होते. चार माणसांत, मयताच्या जागी, कशाला विषय काढायचा, असं म्हणून गप्प राहिले.

म्हणून हे लिहिलं. ते पोरगं मावशींनी सोडलं नव्हतं. मी सोडलं होतं. मावशींनी ते परत आणलं.