चिनी कंदील आणि सरकारी चौकट

१९५७ साल होतं आणि मी अठ्ठावीस वर्षांचा. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तिच्यामागे फायली गेल्या आणि फायलींमागे मी, शिपाई. शिक्षण दुसरीपर्यंत. अक्कल मात्र मॅट्रिकच्या वरची, असं मला तेव्हा वाटायचं.

हिंदी-चिनी भाई-भाईचे दिवस होते. चिनी लोक आपल्या माघी पौर्णिमेच्या सुमाराला कंदिलांचा सण करतात, तो आपणही करू, असं माझ्या मुलीच्या बहनजींनी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, ठरवलं. तिसरीच्या मुलांनी वर्गात बसून आपापला कंदील करायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काठीला टांगून मैदानात मिरवायचा. मदतीला एकेक पालक. माझी मुलगी शाळेत नवी. हिंदी अडखळत बोलायची म्हणून मुली तिला खेळात घेत नसत. पण चिठ्ठ्या टाकल्या त्यात रांगेतली पहिली जागा तिला लागली. आठ दिवस ती घरात लाटणं उंच धरून चालत होती.

बहनजींनी दाखवलं: लाल कागद मधोमध दुमडा, दुमडीकडून कात्रीने चिरा द्या, पण कडेपर्यंत नेऊ नका. उलगडा, गोल करा, चिकटवा. झाला कंदील.

"बहनजी, ये तो खिलौना है," मी म्हणालो. "असली कंदील हम बनाएँगे. दिवालीवाला."

मी घरून कामट्या, दोरा आणि वाटीभर खळ घेऊनच गेलो होतो.

"बाबा, मी कापू?" मुलीने विचारलं.

"थांब, बिघडेल."

"मग चिकटवू?"

"थांब म्हटलं ना!"

बाकीच्यांचे कंदील होऊन, सुकून, मुलांनी ते एकमेकांच्या डोक्यांवर घालूनही झाले, तेव्हा कुठे माझा उभा राहिला. षटकोनी, मुलीपेक्षा वीतभर उंच आणि तेवढाच रुंद, खाली झिरमिळ्या. भोपाळात तोवर असा कंदील झाला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगतो.

मग तो वर्गाच्या दारातून निघेना. आडवा केला, तिरपा केला. निघेना.

"कोना काट दीजिए, भाईसाहब," बहनजी म्हणाल्या.

"कोना नहीं कटेगा. चौखट निकालिए, मैं वापस लगा दूँगा."

"चौखट सरकारी है."

"तो हम भी सरकारी हैं!"

सगळा वर्ग हसला. काय तोंड बंद केलं, असं वाटून मी ऐटीत मुलीकडे पाहिलं. ती नुसती काठी धरून उभी होती.

कंदील वर्गातच राहिला. घरी येऊन ती आईला म्हणाली, "मी उद्या शाळेत जाणार नाही."

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "रांगेत पहिली ती होती की तुम्ही?"

"अगं, काम तर बघ कसं झालंय ते!"

"बघते की. दाराबाहेर निघालं की बघते."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खोटं कशाला सांगू, दोन भाकरी गेल्या. तिसरी मागायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी चौकातून लाल कागद आणला, मुलीसमोर मांडी घालून बसलो आणि कात्री तिच्याकडे सरकवली.

तिने कात्री उचलली. मग म्हणाली, "तुम्ही नुसता कागद धरा. आणि काही सांगू नका."

धरला.